आपला ओढा, आपली नदी आणि पुराचा धोका

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



काल कलश चढला. ज्यांनी पैसा दिला, ज्यांनी श्रम दिले, ज्यांनी नुसते दोन घमेली रेती वाहिली, त्या सर्वांचे आभार अध्यक्षांनी मानलेलेच आहेत. मला समितीने वेगळे काम दिले आहे. जीर्णोद्धाराच्या दुसऱ्या टप्प्यात मंदिरामागचा ओढा नळांत घालून, त्यावर व शेजारच्या दोन एकर सखल जागेवर भराव टाकून वाहनतळ व कार्यालय करावे असा विचार पुढे आला आहे. तालुका कचेरीत पावसाळ्यात पंचनाम्याचे कागद माझ्या टेबलावरून जातात, म्हणून या बाबतीत दोन शब्द मी सांगावेत, असे ठरले. मी इंजिनियर नाही, मॅट्रिक शिकलेला लेखनिक आहे. पण मी जे सांगणार आहे त्याला त्रैराशिकापलीकडचे गणित लागत नाही.

प्रथम आपली नदी. उल्हास नदी खंडाळा-राजमाचीच्या डोंगरात उगम पावते व कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असे करीत कल्याणला येते. वाटेत पोशीर, शिलार, बारवी तिला मिळतात. कल्याणजवळ काळू मिळते, आणि काळूने त्याआधीच भातसेचे पाणी पोटात घेतलेले असते. कल्याणच्या पुढे आपण तिला नदी म्हणत नाही, खाडी म्हणतो. ठाण्याजवळ तिचे दोन फाटे होऊन मोठा वसईकडे जातो व लहान ठाण्याच्या खाडीत. माथेरानला वर्षाकाठी सुमारे ५,००० मि.मी. पाऊस पडतो. त्या डोंगराच्या नेरळकडच्या उतारावरचे पाणी शेवटी आपल्याच दारावरून जाते. वारकरी मंडळींना एक गंमत सांगतो. घाटावरची आंध्रा नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, आणि भीमा पंढरपुरी चंद्रभागा होते. त्या आंध्रेचे पाणी टाटांनी धरण बांधून १९२२ पासून भिवपुरीच्या वीजकेंद्रात खाली उतरवले व ते उल्हासच्या खोऱ्यात आले. तेव्हा चंद्रभागेचा थोडा वाटा आपल्याकडेही येतो म्हणायचा. असो.

पूर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर ही मोठी नदी येते. तेही बरोबर आहे. दिनांक २७ जुलै २०१९ ची सकाळ कोणी विसरलेले नाही. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली आणि हजारावर प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व आसपासच्या गावकऱ्यांनी बाहेर काढले. त्यानंतर आठच दिवसांनी, ४ ऑगस्टला, म्हणजे नागपंचमीच्या आदल्या दिवशी, खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावाला पाण्याने वेढले व ५८ ग्रामस्थांना वायुदलाच्या हेलिकॉप्टरने उचलावे लागले. त्याआधीचा २६ जुलै २००५ चा मंगळवार तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला. बातम्या मुंबईच्या आल्या, पण कल्याण, अंबरनाथ, बदलापूरकडच्या माणसांनीही ती रात्र पोटमाळ्यावर काढली.

मात्र मोठ्या नदीचा एक गुण आहे. ती सांगून येते. कर्जतकडे रात्रभर पाऊस झाला तर ते पाणी आपल्याकडे पोचायला काही तास जातात. बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर व धोक्याची पातळी १७.५० मीटर ठरलेली आहे. ती गाठली की खालच्या गावांना खबर येते. धरणांचेही तसेच. बारवी धरण १९७२ साली औद्योगिक विकास महामंडळाने बांधले, मग टप्प्याटप्प्याने उंच केले. २०१९ साली ते ७२.६० मीटरपर्यंत भरले. त्याचे दरवाजे आपोआप उघडणारे आहेत, पाणी त्या पातळीला आले की ते कोणाच्या हुकमाची वाट पाहात नाहीत. म्हणूनच धरण भरत आले की नदीकाठच्या गावांना आधी इशारा दिला जातो. आपल्यापैकी काही जण म्हणतात, "धरणे झाली, आता कसला पूर?" त्यांना एवढेच सांगतो, की रिकामे धरण पूर अडवते, भरलेले धरण आले तेवढे पुढे ढकलते. आणि मोठे पूर बहुधा धरणे भरत आली असतानाच येतात.

ओढा सांगून येत नाही. मला आज बोलायचे आहे ते त्याच्याविषयी.

गेल्या काही पावसाळ्यांतले आपल्या गावचे पंचनामे मी चाळले. घरात पाणी शिरल्याच्या नोंदी कोणत्या आळीतल्या आहेत? खाडीकाठच्या आळीतल्या थोड्या. बहुतेक सगळ्या ओढ्याच्या दोन्ही बाजूंच्या. आमच्या शेजारच्या एका आजीबाईंनी हे मला पंचनामा लिहिताना एका वाक्यात सांगितले होते. त्या म्हणाल्या, "भाऊ, वढा घरात येत नाय, त्याला जायाला वाट नाय म्हनून तो घरात येतंय." मी ते कागदावर लिहिले नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता.

आता त्रैराशिक. एक चौरस किलोमीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे दहा लाख लिटर पाणी झाले. गावनकाशावर मोजले तर टेकडीच्या माथ्यापासून मंदिरापर्यंत आपल्या ओढ्याचे खोरे सुमारे तीन चौरस किलोमीटर भरते. जोराच्या सरीत तासाला ६० मि.मी. पाऊस आपल्या भागात काही नवलाचा नाही. मग त्या एका तासात पडलेले पाणी झाले अठरा कोटी लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा टँकर दहा हजार लिटरचा असतो. अठरा हजार टँकर झाले, म्हणजे सेकंदाला पाच टँकर.

हे सगळे ओढ्यात येत नाही. काही मुरते, काही झाडोऱ्यात अडते, आणि आपल्याकडे मुख्य म्हणजे खाचरांत थांबते. भाताच्या खाचराला अर्ध्या फुटाचा बांध असला तर एक एकर खाचर सहा लाख लिटर पाणी धरते, म्हणजे साठ टँकर. ओढ्याच्या खोऱ्यात तीनशे एकर खाचरे आहेत असे धरा. जुलैत ती निम्मी आधीच भरलेली असतात, तरीही नऊ हजार टँकर ती अडवून ठेवतात व सावकाश सोडतात. आजोबा-पणजोबांनी बांध घातले ते भातासाठी, पण त्या बांधांनी पुराचेही काम केले आणि त्याची मजुरी कोणी दिली नाही. तेव्हा निम्मे पाणी थांबले असे समजू. उरले सेकंदाला अडीच टँकर.

ओढ्याचे आजचे पात्र मंदिरामागे मी टेपने मोजले आहे. रुंदी पंचवीस फूट, काठापर्यंत खोली साडेसहा फूट. पाणी सेकंदाला सहा फूट वेगाने वाहिले तर त्यातून पावणेतीन टँकर जातात. म्हणजे येणारे अडीच, जाणारे पावणेतीन. कसेबसे पुरते. आपल्या वाडवडिलांनी ओढा मोजून खोदला नव्हता, ओढ्याने स्वतःच स्वतःचे माप घेतले आहे.

आता दुसऱ्या टप्प्याच्या कच्च्या आराखड्यात काय आहे? चार फूट व्यासाचे सिमेंटचे दोन नळ. त्याच वेगाने त्या दोहोंतून मिळून सेकंदाला अर्ध्या टँकरपेक्षाही कमी पाणी जाते, तेही नळ स्वच्छ असतील तर. पहिल्याच पुरात प्लास्टिकच्या पिशव्या, केळीचे खुंट व गणपतीच्या मखराचे थर्माकोल नळाच्या तोंडाशी येऊन बसले म्हणजे किती जाईल याचा हिशेब मी करीत नाही. येणार अडीच, जाणार अर्धा. उरलेले दोन टँकर दर सेकंदाला कुठे जातील? ते मंदिरात जाणार नाहीत, देवीचा जोता पाच फूट उंच आहे. ते ओढ्याकाठच्या दोन्ही आळ्यांत जातील.

कोणी म्हणेल, नळ मोठे टाकू. त्यालाही माझे एक उत्तर आहे व ते खाडीचे आहे.

आपल्या आगरी-कोळी बांधवांना भरती-ओहोटी मी शिकवण्याची गरज नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, हे आपल्याला घड्याळाआधी ठाऊक होते. समुद्रावर भरती झाली की कल्याणच्या बाजूला ती आणखी काही वेळाने पोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी ओढ्याच्या तोंडातून आत येते. त्याच वेळी वरून कर्जत-बदलापूरचे पाणी खाली येत असले तर भरती ओसरली तरी खाडी उतरत नाही. मग ओढ्याचे दार बाहेरून बंद. नळ चार फुटांचा असो की आठ फुटांचा, बाहेरची पातळी उंच असली तर त्यातून पाणी जात नाही, उलटे येते. जू-नांदखुरीचा जो दिवस मी सांगितला, तो अमावास्येनंतर तीनच दिवसांचा होता. भातसेकाठी त्या गावी काय काय एकत्र आले याचा निवाडा मी करीत नाही, पण उधाणाच्या दिवसांत नद्या भरून आल्या तर खाडीला ते पाणी लवकर पोटात घेता येत नाही, हे आपल्याकडचे पोरही सांगेल.

दार बंद असते तेव्हा ओढ्याचे पाणी काय करते? थांबते. कुठे? त्या दोन एकर सखल जागेत, जिला आपण पडीक म्हणतो. चार फूट पाणी तिथे उभे राहिले तर जवळजवळ हजार टँकर होतात. ती जागा म्हणजे ओढ्याची ओसरी आहे. घरधन्याने दार उघडेपर्यंत पाहुणा ओसरीवर बसतो. ओसरी बुजवली तर तो माजघरात येणार.

हे मी कल्पनेने बोलत नाही, पाहायचे असेल तर लांब जावे लागत नाही. वालधुनी नदी घ्या. काकोळ्याच्या डोंगरात तिचा उगम. रेल्वेने पूर्वी इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेला जीआयपी तलाव तिच्यावरच आहे. पुढे ती अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते. त्या मंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. शिलाहार राजांनी देऊळ नदीकाठी बांधले, कारण ती नदी होती. तिथून ती उल्हासनगरातून कल्याणला येऊन उल्हासला मिळते. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात निर्वासित बांधव आले, शहर वाढले, कारखाने आले, काठावर घरे आली, काठ आत आत सरकला, आणि केव्हातरी लोक तिला वालधुनी नाला म्हणू लागले. माझे एक निरीक्षण आहे. प्रवाहाला नदी किंवा ओढा म्हणतात तोवर त्यात निर्माल्य पडते, नाला म्हटले की बाकीचे सगळे पडू लागते. २००५ साली तिच्या काठच्या वस्त्यांची जी दैना झाली ती नदीने वैर धरल्यामुळे नव्हे. पात्र उरले नव्हते. आपल्या गावातही तरुण मंडळी हल्ली ओढ्याला नाला म्हणतात, हे माझ्या कानांना खटकते.

देणगीदारांपैकी काहींनी मला विचारले, की सरकारने पूररेषा आखलेल्या असतात, त्या पाहिल्या की झाले ना? जलसंपदा विभाग मोठ्या नद्यांसाठी दोन रेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येईल एवढ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळी व लाल यांच्या मधल्या पट्ट्यात नियंत्रित. पण आपल्या ओढ्याएवढ्या प्रवाहाला अशी रेषा सहसा आखली जात नाही. शिवाय "शंभर वर्षांतून एकदा" या शब्दांनी फसगत होते. माणसाला वाटते, २००५ ला येऊन गेला, आता नातवंडांच्या वेळी बघू. तसे नाही. याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता. आलेला पूर पुढच्या वर्षीची सूट देत नाही. घराचे कर्ज तीस वर्षांचे असते. त्या तीस वर्षांत लाल रेषेचा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात सव्वीस आहे, आणि निळ्या रेषेचा येण्याची शंभरात सत्तर. नदीकाठी फ्लॅट घेणाऱ्याने बाल्कनीतून दिसणाऱ्या देखाव्याबरोबर हा आकडाही पाहावा.

धोका म्हणजे नुसते पाणी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ओसाड माळावर दहा फूट पाणी आले तर पंचनामा होत नाही. पाणी किती येईल, किती चढेल, आणि त्याच्या वाटेत कोण झोपले आहे, या तिन्ही गोष्टी मिळून धोका होतो. ओढ्याकाठच्या खालच्या आळीत आज भाडेकरूंच्या खोल्या आहेत. ही माणसे आपल्या गावची नाहीत, त्यांना २००५ ठाऊक नाही, रात्री कामावरून येऊन ती जमिनीला अंथरूण टाकतात. भराव घालू तो आपल्या सोयीसाठी, आणि पाणी जाईल त्यांच्या उशाशी. देवीच्या नावाने जमलेल्या पैशातून असे होऊ नये असे मला वाटते. हे बोलताना कोणाचा उपमर्द करण्याचा हेतू नाही. वाहनतळाची अडचण खरी आहे, यात्रेच्या दिवशी रस्ता बंद होतो हे मीही पाहतो. शाळेमागचे उंच मैदान यात्रेच्या दोन दिवसांसाठी मागता येईल, वृद्धांसाठी तिथून मंदिरापर्यंत रिक्षा ठेवता येईल. त्याला लागणारा खर्च नळ व भरावाच्या मानाने काहीच नाही.

जीर्णोद्धाराच्या कामात एक गोष्ट समितीने फार चांगली केली, तिची नोंद या पुस्तिकेत राहावी. नवीन फरशी बसवताना जोता दोन फुटांनी खाली घ्यावा, म्हणजे चढायला सोपे, अशी एक सूचना होती. समितीने जुना जोता आहे तसा ठेवला व बाजूला कठडा केला. जुन्या गवंड्याने पाच फूट उंची उगाच घेतली नव्हती. आणि सभामंडपाच्या खांबावर २००५ च्या पाण्याची जी तेलरंगाची तांबडी रेघ होती, ती नव्या रंगात जाऊ न देता तिथे पितळी पट्टी ठोकली. त्यावर तारीख आहे. २०१९ ची रेघ तिच्या बरीच खाली आहे, तिलाही तशीच पट्टी लावावी अशी माझी विनंती आहे. अशा खुणा शहरातल्या मोठ्या इमारतींत सापडत नाहीत. तिथे दर दहा वर्षांनी रंग दिला जातो व पाणी विसरले जाते.

आता जे आपल्या हाती आहे ते. उन्हाळा संपायच्या आत ओढ्याचे पात्र मंदिरापासून खाडीपर्यंत साफ करणे, गाळ काठावर न टाकता उचलून नेणे, कारण काठावरचा गाळ पहिल्या सरीत परत पात्रात येतो. पुलाच्या खांबावर फूट-फूट अंतरावर पांढरे पट्टे मारणे, म्हणजे रात्री बॅटरीच्या उजेडात पाणी किती चढले ते दिसेल. शाळेच्या गच्चीवर सरळ कडांचा एक डबा व पट्टी ठेवली तरी पाऊस मोजता येतो. तासाला दोन इंच पाऊस आणि भरतीची वेळ एकत्र आली, की कोणाच्या फोनची वाट न पाहता देवळाची घंटा वाजवावी व खालच्या आळीतील माणसे सभामंडपात आणावीत. अंथरुणाला खिळलेली माणसे, गरोदर बाया व एकटे राहणारे म्हातारे यांची यादी पावसाळ्यापूर्वी करावी, त्यात भाडेकरूही घ्यावेत. सभामंडपाची किल्ली दोन घरी असावी, त्यांतले एक घर ओढ्याच्या अलीकडचे व एक पलीकडचे, कारण पूल पाण्याखाली गेला की एकच किल्ली नेमकी दुसऱ्या काठावर असते. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. तो सभामंडपाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहावा.

दुसऱ्या टप्प्याचा ठराव येत्या ग्रामसभेत यायचा आहे. गावनकाशाची प्रत, त्यावर पेन्सिलीने आखलेले ओढ्याचे खोरे व टँकरांचा हा सगळा हिशेब मी समितीच्या कपाटात ठेवला आहे. ज्यांना माझी बेरीज-वजाबाकी तपासायची असेल त्यांनी जरूर तपासावी. शाळेतील गणिताच्या गुरुजींनी ती एकदा पाहिली आहे, पण टेप घेऊन ओढ्यात उतरायला आणखी दोघे आले तर बरे होईल. रविवारी ओहोटीची वेळ सकाळी आहे, तेव्हा मी पुलापाशी असेन.